न बुडणारा कापूस

मला झाडं शिकायची होती. पानं, बिया, मुळ्या, लहानपणापासून हेच वेड. म्हणून आर्णीच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं, तर जीवशास्त्राच्या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण निघालं रसायनशास्त्राचं! अणू, रेणू, बंध, आम्ल. अरे बापा, झाडाशी लग्न लावायला आले आणि ही सवत आधीच घरात बसलेली! बारावीत याच विषयानं मला रडवलं होतं. काठावर पास झाले, तेही नशिबानं.

दिवाळीआधीच मी हात टेकले. "बी.ए.ला चालली मी," घरी सांगून टाकलं.

"कायले जीव जाळतं, पोरी? सोडून दे," बाबा म्हणाले. माझ्या भल्याचंच म्हणाले, पण मला ते फार लागलं. केमिस्ट्री सुटली की झाडंही सुटणार होती. शाखा बदलायला शनिवारपर्यंतच मुदत होती.

केमिस्ट्रीच्या म्याडम यवतमाळहून स्कूटीवर यायच्या. ठेंगण्या, पण आवाज असा खणखणीत की शेजारच्या वर्गातली पोरंही गप्प बसायची. "हे तर तुम्हाला बारावीतच यायला पाहिजे होतं" असं त्या कधीच कुणाला म्हणाल्या नाहीत. मला त्या आवडायच्या, आणि त्यांचाच विषय येऊ नये याचा आणखी राग यायचा. गुरुवारी मी त्यांना गाठून सांगितलं, "म्याडम, मी चालली."

"जाजो ना. कोणं धरलं तुले?" त्या म्हणाल्या. "फक्त उद्या प्रॅक्टिकलले घरचा मूठभर कापूस आणजो. मंग जाय."

शुक्रवारी मी कापूस नेला. म्याडमनी त्यातली सरकी काढली, काचेच्या भांड्यात पाणी घेतलं आणि विचारलं, "बुडन का तरंगन?"

आम्ही सगळी कापसाच्या घरची पोरं. ओलसर कापूस बाजारात नेला की व्यापारी आत हात घालून नाक मुरडतो, हे पाहतच मोठी झालेली. एका सुरात ओरडलो, "बुडन! कापूस पाणी पितेच!"

म्याडमनी कापूस पाण्यावर ठेवला. तो तरंगला. बोटानं दाबला, तर पुन्हा वर. माझं डोकंच फिरलं.

"म्याडम, हा कापूस खोटा हाय!"

"तुयाच घरचा हाय, माय!"

सगळे खदाखदा हसले. मलाही हसू आवरेना.

उरलेला कापूस त्यांनी धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात उकळत ठेवला. तो उकळेपर्यंत फळ्यावर पाण्याचा रेणू काढला: मधे ऑक्सिजन, दोन बाजूंना दोन हायड्रोजन. ऑक्सिजनची बाजू जराशी ऋण, हायड्रोजनची जराशी धन. म्हणून पाणी पाण्याला चिकटतं, आणि असंच जराजरा ऋण-धन जिथं असेल तिथंही चिकटतं. कापसाच्या धाग्यात तशा जागा भरपूर असतात, पण धाग्यावर मेणाचा पातळ थर असतो. मेणाला ना ऋण बाजू, ना धन. पाणी त्याला विचारतच नाही.

मग त्यांनी उकळलेला कापूस धुतला, पिळला आणि भांड्यात सोडला. तो सरळ तळाला गेला. सोड्यानं मेण काढून टाकलं होतं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "पण झाडानं धाग्याले मेण लावलंच काहून?"

म्याडम हात पुसत माझ्याकडं वळल्या. किती खूश झाल्या होत्या! "हा झाडाचा प्रश्न झाला. पण मेण म्हणजे काय हे कळल्याबिगर तुले तो विचारता आला असता का?"

त्यांनी मला ना समजावलं, ना थांबवलं. माझ्याच घरच्या कापसासमोर मला उभं केलं. असं शिकवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

संध्याकाळी घरी बाबांसमोर पेलाभर पाण्यावर कापूस ठेवला. तो तरंगलेला बघून बाबांनी तो दाबला, उलटा केला, पुन्हा दाबला. मी मेणाचं सांगितलं. त्यांनी पेला उचलून उजेडात निरखला.

"मंग सरकीच्या तेलाचं नि या मेणाचं काही नातं हाय का? दोघंबी पाण्याशी फटकून राह्यते."

"मले नाई माहीत, बाबा."

"मंग उद्या विचारून ये."

दुसरा दिवस शनिवारचा. शाखा बदलायला ऑफिसात जायचं, त्या वेळी मी म्याडमच्या टेबलापाशी बाबांचा प्रश्न घेऊन उभी होते. त्यांनी तो फळ्यावर लिहिला आणि अख्खा तास त्यावरच घेतला.

घरी पोचले तर बाबा दारातच होते. "काय म्हणे तुयी म्याडम?"

"भाऊबंद हायेत म्हणे दोघं. एकाच खानदानातले."

बाबांनी मान हलवली. "मंग शीक," म्हणाले.