नुसती घडणावळ

मालन परबची आणि माझी ओळख झाली तेव्हा आम्हा दोघींनाही धड दिसत नव्हतं. १४ जून २०१७, बुधवार. मरोळच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून आम्हाला बाकावर शेजारी शेजारी बसवून ठेवलं होतं. वाचता येत नाही, मोबाईल बघता येत नाही, डोळे मिटून तरी किती वेळ बसणार? म्हणून मी विचारलं, "तुम्ही काय करता?"

"आता काय नाय. पयली झाडं लावायची मी. सव्वीस वर्षं झाडंच लावली."

तिच्या कापडी पिशवीला बटणाच्या जागी धातूचं काहीतरी होतं. त्याला माझा हात लागला.

"चाचपून बघा," ती म्हणाली. "दिसत तर नाय तुमाला."

मी चाचपलं. माशाचा काटा होता, पण बोचत नव्हता. एकेका टोकाला बोटाला कळेल न कळेल इतकी गोलाई दिली होती. मी तो बराच वेळ सोडला नाही.

त्या दिवशीच्या डायरीत नोंद आहे: 'मालन परब, वय ५१, नर्सरीत कामाला होती. हात माळिणीचे वाटत नाहीत, फार मऊ.' लिहिलेलं खोडायचं नाही, चुकलं तर पुढच्या पानावर दुरुस्ती करायची, ही शिस्त मला शाळेतल्या सिस्टर्सनी लावली. ही दुरुस्ती तीन दिवसांनी झाली, मालन माझ्या घरी चहाला आली तेव्हा.

ती होती दागिने परदेशी पाठवणाऱ्या कारखान्यात. तिथे प्रत्येक अंगठी आधी मेणात होते. अशा पन्नास-साठ अंगठ्या मेणाच्याच एका दांड्याला तिरप्या चिकटवायच्या, की त्याचं झाड दिसायला लागतं. ते झाड प्लास्टरमध्ये बुडवून भट्टीत ठेवतात. मेण जळून जातं, आत त्याच्या आकाराची पोकळी राहते, त्या पोकळीत सोनं ओततात. झाड लावणं म्हणजे हे. मी सांगितलेली नर्सरीची गोष्ट ऐकून ती इतकी हसली की चहा बशीत सांडला.

तिचे वडील गिरणीत होते. संपानंतर गिरणी उघडलीच नाही. मालन बावीस वर्षांची असताना मरोळला लागली. धाकट्या भावाला, निलेशला, तिने शिकवलं, त्याचं लग्न केलं, तो विरारला राहायला गेला. तिचं लग्न करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. निलेशचा फोन येतो, भाऊबीजेला.

कारखान्यात शिरताना अंगावर दागिना चालत नसे. सुटताना केस सोडून दाखवायचे, नखं ब्रशने घासायची, कारण नखात सोन्याची धूळ बसते. सव्वीस वर्षांत तिच्या कानाची भोकं बुजली. मग नजर मंदावली, आणि झाडावरच्या अंगठ्या वाकड्या लागतात म्हणून तिला घरी पाठवलं.

"हजारो केल्या असतील ना गं?" मी एकदा विचारलं.

"मोजल्या नाय. पण ताई, एक पण परत भेटली नाय. कोणाच्या बोटात गेली, ती बाई काय म्हणाली, काय म्हायती नाय."

कारखाना सुटल्यावर ती मेण मात्र घरी कोरत राहिली. तिच्याबरोबर काम केलेल्या शिवदासची तिच्याच गल्लीत छोटी भट्टी आहे. तिथे तो फावल्या वेळात तिच्यासाठी पितळ ओतून देई. बोंबलाचा काटा, गंजलेली कडी, सुकलेलं देठ, दाराची बिजागरी, असलं काही काही. तिच्या डब्यात असे तेवीस दागिने होते. ती स्वतः एकही घालत नसे.

मी त्यातला काटा उसना घेतला आणि माझ्या मैत्रिणीला, शुभाला, दाखवला. शुभा मुलुंडची. आम्ही पहिलीपासून एका बाकावर. माझे यजमान २०१५ मध्ये गेल्यापासून मला रोज फोन करणारं माणूस म्हणजे शुभा.

"शमे, हे काय घेऊन आलीस?" ती म्हणाली. "मालाडचं का? आर्टिफिशियल?"

"घालून तर बघ."

घालून ती थेट तिच्या सराफाकडे गेली. काय करणार, आपल्याकडे दागिना म्हटला की आधी तराजूच्या काट्यावर. संध्याकाळी तिचा फोन. "अगं, तो म्हणाला, बाई, यात काही नाही, याला मोड नाही. ही नुसती घडणावळ आहे!"

घडणावळ म्हणजे सराफाच्या बिलातली ती ओळ, जी बघून सगळ्या बायका नाक मुरडतात. सोनं मोडलं तर पैसे येतात, कारागिराच्या हाताचे मात्र बुडतात.

हे मालनला सांगावं की नाही, मला समजेना. सांगितलं. ती म्हणाली, "बरोबर बोलला तो. हात माझा हाय, तेवढंच हाय त्यात."

तेच नाव ठेवलं. ६ जानेवारी २०१८ च्या शनिवारी माझ्या घरी घडणावळ मंडळ सुरू झालं, तेव्हा आम्ही नऊ जणी होतो. नियम मालनने घातला. प्रत्येकीने एक दागिना न्यायचा, महिनाभर चारचौघांत घालायचा, पहिल्या शनिवारी संध्याकाळी पाचला परत आणायचा आणि कोण काय म्हणालं ते सांगायचं. वर्षातून एक दागिना सगळ्यांनी मिळून विकत घ्यायचा, तो कुणा एकीचा नाही. पुढे वर्सोव्याची एक बाई आली, जुन्या जाळ्याच्या दोऱ्याचे हार विणणारी. तिचेही दोन घेतले. मी वही घातली: दागिना, नेणारी, तारीख, कोण काय म्हणालं, परत.

मालन येत असे ती 'कोण काय म्हणालं' यासाठी. मी वाचायची, ती मांडीवर हात ठेवून ऐकायची. रिक्षावाला: मॅडम, ये गाडी का पार्ट है क्या? वर्सोव्याची मासळीवाली: ह्यो बोंबलाचा काटा हाय ना गो, मना दे. एका लग्नात नवऱ्या मुलीची आत्या: पैसे कमी पडले का? या शेवटच्या वाक्याला मालन सगळ्यांत जास्त हसली आणि म्हणाली, "परत वाचा."

तिच्या डब्यातलं एकच ती लगेच देत नसे. बोटभर लांबीचं पितळेचं झाड, तांबूस दोऱ्यात ओवलेलं. अंगठ्या कापून घेतल्यावर कारखान्यात जो बोडका दांडा उरतो, ज्याच्यावर नुसते खुंट असतात, आणि जो पुन्हा वितळवायला जातो, तो तिने कोरला होता. "याचं रबर नाय माझ्याकडं," ती सांगायची. रबर म्हणजे साचा. साचा नाही म्हणजे दुसरं होणार नाही. "विकायचं नाय. घालायला न्या, पण परत आणा."

मग करोना आला. दोन वर्षं शनिवार झाले नाहीत. पुन्हा सुरू केलं तेव्हा नऊच्या चार राहिलो होतो: मी, मालन, शुभा, आणि गार्गी, जी मालाडला एका ऑफिसात काम करते आणि येते म्हणून पुष्कळदा येत नाही. बाकीच्या गेल्या त्या काही भांडून गेल्या नाहीत. एक पुण्याला गेली, एकीचे गुडघे, एकीने मेसेजला उत्तर देणं बंद केलं. माझ्या दाराची बेल त्या एका शनिवारी वाजायची, एरवी कचरेवाली वाजवते.

३ फेब्रुवारी २०२४ ला शुभा म्हणाली, "मालन, आता तरी झाड दे गं. ऐंशीला टेकले, अजून कधी घालू?"

"न्या. पण परत आणा हां शुभाताई."

"आणते गं बाई. पळून कुठे जाणार?"

१९ फेब्रुवारीला शुभा गेली. दोन दिवस हॉस्पिटलमध्ये होती. ती गेल्याचं मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं.

मार्चच्या शनिवारी मालन एकटीच आली. शुभाच्या खुर्चीकडे बघत बसली. निघताना दारात म्हणाली, "ताई, बोलू नये असल्या वेळी. पण तेवढं आणाल? दुसरं काय नको."

सुतकाच्या घरी पितळेचा दागिना मागायचा कसा? मी तेरावा होऊ दिला आणि ६ मार्चला मुलुंडला गेले. शुभाचा मुलगा श्रेयस आणि सून निधी दोघं होते. फोटोला हार होता. चहा झाला. मग मी विचारलं.

निधी आठवून आठवून बोलली. "हॉस्पिटलच्या सिस्टरने बांगड्या, चेन, कुड्या काढून पाकिटात दिल्या. यादीवर श्रेयसची सही घेतली. ते गळ्यातलं बघून म्हणाली, आर्टिफिशियल आहे ना? राहू दे मग. घरी आंघोळ घालताना मी काढायला गेले, तर श्रेयसच्या आत्या म्हणाल्या, सोनं नाही ना ते? मग कशाला ओढतेस, राहू दे, तिच्या आवडीचं होतं." ती कप उचलू लागली. "मावशी, ते महत्त्वाचं होतं का?"

"नाही गं," मी म्हणाले. खोटं बोलले. डायरीत तसं लिहिलं आहे.

मालनला मी फोन केला. फोनवर नुसतं 'जाऊन आले' एवढंच म्हणाले. "मी येते," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत दारात उभी.

"मिळालं?"

"नाही." मी निधीने सांगितलं तसं सगळं सांगितलं.

ती खाली बसली. बुजलेल्या कानाची पाळी चोळत राहिली. मला वाटलं, आता ही माझ्याकडे ठेवलेला डबा उचलून नेईल, आणि तिने नेला असता तर मी अडवलं नसतं.

"यादीत नव्हतं?"

"नव्हतं."

"कोणीच काढलं नाय?"

"कोणीच नाही."

खाली पाण्याचा टँकर आला, गेला.

"पितळ हाय," ती म्हणाली. "तेवढ्या आगीत थेंब झाला असंल." मग म्हणाली, "वही काढा. शुभाताईंचं वाचायचं राहिलं."

शुभा महिनाभर थांबत नसे, कोणी काही म्हणालं की लगेच फोन करून सांगायची, मी लिहून ठेवायची. मी वाचलं. ७ फेब्रुवारी, बँकेतली मुलगी: आजी, कुठून घेतलं? १२ फेब्रुवारी, भाजीवाला: झाड वाळलंय तुमचं. १७ फेब्रुवारी, हॉस्पिटलचा डॉक्टर: आजी, हा अँटेना आहे का, वर फोन लावायला? हे सांगताना शुभाला धाप लागली होती आणि ती हसत होती.

मालनही हसली. मग डोळे पुसले.

"सिस्टरचं आणि आत्याबाईंचं पण लिवा."

मी लिहिलं. तिने ते दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा 'राहू दे' आलं तेव्हा तिने मान हलवली.

शेवटचा रकाना उरला, 'परत'. या वहीत तो कधी रिकामा राहिलेला नाही. मी पेन धरून बसले. "इथे काय लिहू?"

"शुभाताईंकडं हाय म्हणून लिवा."

तसं लिहिलं. तिने चहा घेतला, कप विसळून ठेवला, चपला घालताना विचारलं, "एप्रिलच्या शनिवारी कोण येणार?"

"तू आणि मी. गार्गीचं नक्की नाही."

"मग पाचला कशाला, चारलाच येते," ती म्हणाली.