ऐकलेलं तळं

मैत्रेयी पुण्याची. नवऱ्याला हेब्बाळच्या एका टेक पार्कमध्ये नोकरी लागली म्हणून ती बेंगळुरूला आली, आणि बसवनगुडीत एका दाताच्या डॉक्टरच्या वरच्या मजल्यावर तिने वकिलीचं छोटंसं ऑफिस थाटलं. तिच्याकडे येणारी माणसं खुर्चीत बसायच्या आधीच मोबाईल पुढे करत. कुणाचं खातं बंद पडलेलं असे, कुणी मागवलेल्या फ्रिजऐवजी भलतंच काही आलेलं असे, तर कुणाच्या हॉटेलाबद्दल कुणीतरी नेटवर खोटंनाटं लिहून ठेवलेलं असे. एका दुपारी भीमसेन मगदूम आले. त्यांच्या हातात टॉवेलात गुंडाळलेला एक जुना टेप रेकॉर्डर होता.

सत्तरी गाठलेले, उंच, खांद्यात वाकलेले. बोटांच्या टोकांवर सोल्डरिंगच्या गरम सळईचे जुने चटके. मूळचे चिक्कोडी तालुक्यातल्या सदलग्याचे, पण उभं आयुष्य शिवाजीनगरच्या बाजारात लाऊडस्पीकर आणि अँप्लिफायर दुरुस्त करण्यात गेलेलं. खाली दुकान, वर घर.

"बाई, दोन गोष्टी इचारायच्या हायत," ते म्हणाले. "आवाज कुणाच्या मालकीचा असतोय? आन् आपल्या मालकीचा असला, तर मेल्यावर कुणाला देता येतोय का?"

मैत्रेयी हसली. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि वही बाजूला सारून नीट ऐकू लागली.

भीमसेन आणि कृष्णाबाई लग्न करून बेंगळुरूला आले, तेव्हा बाजाराच्या गलक्यात कृष्णाबाईंचा जीव रमेना. दूधगंगेच्या काठावर वाढलेली बाई ती. म्हणून सुट्टीच्या दिवशी भीमसेन त्यांना बसने हेब्बाळच्या तळ्यावर नेत. तासन् तास दोघं पाण्याकडे बघत बसत. पुढे मुलं झाली, धनलक्ष्मी आणि महांतेश, तरी तो नेम मोडला नाही. मग कृष्णाबाईंच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. कडेकडेने अंधार आत सरकत आला आणि ऐन चाळिशीत दृष्टी पुरती गेली. तळ्याशेजारी मोठा पूल उभा राहिला, रस्त्यावर गाड्यांचा धो धो आवाज सुरू झाला, आणि त्या आवाजाची धास्ती घेऊन त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं.

"मग मी म्हटलं, तू येत न्हाईस तर तळं घरी आणतो," भीमसेन म्हणाले. "गिऱ्हाईकानं टाकून दिलेला एक रेकॉर्डर होता, तो नीट केला. पहिल्या बसनं जायचं, पुलापासून लांबच्या काठाला बसायचं, आवाज भरायचा. परत येऊन तिला ऐकवायचा, मग दुकान उघडायचं."

"किती वर्षं?"

"पोरांची लगीनं झाली, नातवंडं झाली. अजून जातोय की."

आजारपण आणि पाऊस सोडला तर हा माणूस इतकी वर्षं रोज पहाटे उठून बायकोसाठी एक तळं भरून आणत होता, आणि सांगताना सूर असा की जणू दूध आणायला जातो.

आता नड अशी झाली होती. टेपा जुन्या होऊन खराब व्हायला लागल्या, म्हणून धनलक्ष्मीने त्यांतले निवडक आवाज नेटवर चढवले. आईने मोबाईलला नुसतं तोंडाने सांगायचं आणि हवी ती सकाळ ऐकायची. पण झोपेसाठी निसर्गाचे आवाज ऐकवणाऱ्या कुठल्याशा चॅनेलने त्यातल्याच एका आवाजावर हक्क सांगितला, आणि भीमसेनांचं रेकॉर्डिंग नेटवरून काढून टाकलं गेलं. कृष्णाबाईंनी सकाळी तो आवाज मागितला, तर हे उपलब्ध नाही असं उत्तर मोबाईलने दिलं. त्यात महांतेशने रागाच्या भरात चॅनेलवाल्याचा फोटो शोधून त्यावर 'चोर' असं लिहून सगळीकडे पाठवलं. आता चॅनेलवाला बदनामीचा दावा लावीन म्हणत होता.

"काका, आधी महांतेशला ते काढायला सांगा," मैत्रेयी म्हणाली. "आपली बाजू खरी असली तरी माणसाचा फोटो लावून असं लिहिलं, की उद्या तुम्हालाच उत्तरं देत बसावं लागतं. चॅनेलवाल्याने तुम्हाला जे काही लिहिलंय त्याचे स्क्रीनशॉट मात्र ठेवा. आणि तुमचा पहिला प्रश्न. पाखराचा आवाज कुणाचाच नाही. पण ते रेकॉर्डिंग तुम्ही केलंत, म्हणून ते तुमचं. तुमच्यानंतर ते तुमच्या वारसांकडे जाईल. घरासारखंच मृत्युपत्रात लिहून देता येतं."

"सरी," भीमसेन म्हणाले. बेंगळुरूत राहून अंगात मुरलेला, 'बरं' या अर्थाचा शब्द. "मग आणखी एक लिहायचं हाय. मी गेल्यावर पोरांनी रोज हिला तळ्याचा आवाज आणून द्यायचा. आळीपाळीनं. असं घाला त्यात."

मैत्रेयीने मृत्युपत्रं पुष्कळ लिहिली होती. कुणी भावाला वगळा म्हणत आलं होतं, कुणी सुनेला दागिना मिळता कामा नये म्हणत. असं कलम आजवर कुणी मागितलं नव्हतं.

"अट घालता येते, काका. पण रोज पहाटे उठायला कोर्ट कुणाला लावणार? ते कागदावरच राहील."

भीमसेन टॉवेलाची गाठ पुन्हा बांधत राहिले.

पुढच्या आठवड्यात मैत्रेयी शिवाजीनगरला त्यांच्या घरी गेली. चॅनेलच्या हरकतीचं उत्तर पाठवण्याआधी मूळ टेपा बघायच्या होत्या, आणि खरं सांगायचं तर तिला कृष्णाबाईंना भेटायचं होतं. अरुंद जिना चढून वर आल्यावर बाजाराचा कालवा एकदम मागे पडला. भीमसेनांनी खिडक्यांना आतून जाड गोणपाट आणि कापूस लावून खोली शांत केली होती. भिंतीशी टेपांची खोकी रचलेली. मधोमध खुर्चीत कृष्णाबाई ताठ बसलेल्या, अंगावर इरकल, कपाळावर रेखीव कुंकू.

"या अक्का," त्या पावलांच्या आवाजाच्या दिशेने म्हणाल्या. "यांनी लय त्रास दिला न्हवं तुमाला?"

धनलक्ष्मीने चहा केला. हेब्बाळजवळच्या एका शाळेत ती शिकवत असे आणि आज मुद्दाम रजा टाकून आली होती. भीमसेनांनी मूळ टेप लावली. सुरुवातीला त्यांचाच तरुण आवाज तारीख आणि जागा सांगत होता, मग पाण्यावर उठणारा पाखरांचा थवा. मैत्रेयीने सुटकेचा श्वास टाकला. मालकी दाखवायला एवढं पुरेसं होतं. मग तिने चॅनेलवाल्याचं रेकॉर्डिंग मोबाईलवर लावलं. सुरुवातीची बडबड कापलेली, मागे मंद संगीत मिसळलेलं.

कृष्णाबाईंनी मान किंचित कलती केली.

"यांचंच हाय," त्या म्हणाल्या. "यांचा श्वास हाय त्यात."

मैत्रेयीने मोबाईलचा आवाज वाढवला.

"ऐका की. पाखरं उडाली न्हवं, त्याच्या मागं. शिट्टीगत बारीक वाजतंय. लगीन व्हायच्या आधी मांडवात कर्णा बांधताना खांबावरनं पडले हे, नाक मोडलं. तवापासनं श्वास असाच वाजतोय."

भीमसेनांनी कपाटातून मोठे हेडफोन काढून मैत्रेयीच्या कानांवर चढवले. तिने डोळे मिटले. पंखांची फडफड, पाणी, संगीताचे सूर. आणि या सगळ्याच्या तळाशी, लक्ष देऊन ऐकलं तरच कळावी अशी, एक बारीक लय. आत, बाहेर. आत, बाहेर. काठावर कुणीतरी हालचाल न करता बसलेलं होतं.

देशोदेशीची किती माणसं हा आवाज लावून झोपी जात असतील, आणि त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं की आपल्या उशाशी शिवाजीनगरचा एक लाऊडस्पीकर दुरुस्त करणारा माणूस श्वास घेतोय.

"मला वाटलं होतं, तू पाखरं ऐकतीस," भीमसेन हळूच म्हणाले. इतक्या वर्षांत हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"पाखरं बी ऐकते," कृष्णाबाई म्हणाल्या, आणि पदर सावरून घेतला.

मैत्रेयीने मूळ टेपेच्या नकलेसह उत्तर पाठवलं. काही दिवसांनी चॅनेलवाल्याचाच फोन आला. रोशन नावाचा तरुण होता. त्याने ते रेकॉर्डिंग नेटवरच्या कुठल्याशा आवाजांच्या गठ्ठ्यातून उचललं होतं, कुणाचं आहे याची चौकशी केली नव्हती. मैत्रेयीने त्याला दोन्ही आवाज ऐकवले आणि श्वास कुठे आहे तेही सांगितलं. त्याने तो भाग पुन्हा एकदा लावायला सांगितला. मग तो म्हणाला, "मॅडम, मी क्लेम मागे घेतो. आणि सरांना माझ्याकडून सॉरी सांगा प्लीज." महांतेशनेही आपलं लिखाण काढून टाकल्याचं कळवून माफी मागितली, आणि दाव्याची गोष्ट तिथेच मिटली. कृष्णाबाईंची सकाळ मोबाईलवर परत आली.

राहिलं मृत्युपत्र. महांतेश हुबळीहून आला. साक्षीदार म्हणून गल्लीतला औषधवाला आणि शेजारचे शिंपी आले, कारण साक्षीला घरचं माणूस नसलेलं बरं, असं मैत्रेयीने सांगून ठेवलं होतं. तिने मसुदा मोठ्याने वाचला. घर आणि दुकान भीमसेनांच्या कमाईचं, म्हणून कुणाला द्यायचं हे ठरवायला ते मोकळे. आधी सगळं कृष्णाबाईंच्या नावे, त्यांना तिथून कुणी हलवायचं नाही. त्यांच्यामागे दोन्ही मुलांना सारखं. टेपांचे हक्क दोघांना मिळून. आणि शेवटी भीमसेनांच्या हट्टापायी घातलेलं ते एक वाक्य, रोज आवाज आणून देण्याचं.

"हे शेवटचं काढा," कृष्णाबाई म्हणाल्या.

"अगं, पण..."

"काढा म्हणते न्हवं. पोरांना यायचं तर आपल्या मनानं येतील. तुमी काय मी सांगितलं म्हणून जात होता? मी तर नको म्हणत होते, थंडीत मरायला जातासा म्हणून भांडत होते."

महांतेशने मान खाली घातली. धनलक्ष्मी डोळे पुसत होती. मैत्रेयीने पेन उघडून ते वाक्य खोडलं आणि बाजूला भीमसेनांची सही घेतली. सह्या झाल्या, साक्षीदारांनी चहा घेतला. सगळे उठायच्या बेतात असताना कृष्णाबाई म्हणाल्या, "अक्का, स्वल्प थांबा. मला बी एक लिहायचं हाय."

"तुमचं मृत्युपत्र?"

"माझ्या नावावर काय न्हाई. पण डोळे हायत. ते कुणाला तरी द्यायचेत."

महांतेश गोंधळून म्हणाला, "आई, तुझे डोळे..."

"दिसत न्हाई, ठाऊक हाय मला," त्या शांतपणे म्हणाल्या. "डाक्टरांना मी इचारलं होतं. ते म्हणाले, नस वाळली मागची. पुढची काच चांगली हाय, नितळ हाय. तेवढीच लागती दुसऱ्याला. मग मातीत कशाला घालायची?"

मैत्रेयी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. जिने आपल्या डोळ्यांनी आपली नातवंडं पाहिली नव्हती, ती बाई कुणा अनोळखी माणसाला नजर देऊ बघत होती. ती ते साडी द्यावी इतक्या सहज बोलत होती. शिंप्यांनी नकळत हात जोडले होते.

वकील म्हणून तिला उत्तर देणं भाग होतं. "मावशी, हे मृत्युपत्रात लिहून उपयोगाचं नाही. मृत्युपत्र उघडेपर्यंत दिवस जातात, आणि डोळे काही तासांच्या आत घ्यावे लागतात. नेत्रपेढीकडे नाव नोंदवायचं. पण त्या वेळी फोन करायचा तो घरच्यांनी. घरची माणसं तयार नसली तर कुणी हात लावत नाही."

"मग त्यांनाच इचारा. सगळे हितंच हायत."

मैत्रेयी मुलांकडे वळली. धनलक्ष्मीने आईचे दोन्ही हात हातात घेतले आणि मान हलवली, मग आईला मान हललेली दिसणार नाही हे ध्यानात येऊन तिने मोठ्याने सांगितलं, "हो आई. मी करीन फोन." महांतेश आईच्या पायाशी खाली बसला आणि म्हणाला, "मी पण."

"आणि तुमी?" कृष्णाबाईंनी तोंड नवऱ्याकडे वळवलं.

भीमसेन खिडकीपाशी उभे होते. "मी आधी गेलो तर?"

"तर तुमचे बी देऊन टाकते," त्या म्हणाल्या, आणि सगळे हसले. भीमसेन सर्वांत मोठ्याने हसले, आणि हसता हसता चष्मा काढून पुसू लागले.

त्याच संध्याकाळी धनलक्ष्मीने दोघांचीही नावं नोंदवली. अर्ज भरताना कृष्णाबाईंनी मैत्रेयीला जवळ बोलावून एकच शंका विचारली. "ज्याला मिळतील, त्याचं नाव आमच्या घरच्यांना कळतंय?"

"नाही मावशी. सांगत नाहीत."

"बरं हाय," त्या म्हणाल्या. "मग रस्त्यात कुणी बी असंल."

मैत्रेयी खाली उतरली तेव्हा बाजार ऐन भरात होता. बस थांब्यावर गर्दी, हातगाडीवर शेवंतीचे ढीग, कुणीतरी उंच आवाजात भाव सांगत होतं. रिक्षा मिळत होत्या, पण तिने एकाही रिक्षाला हात केला नाही. ती कडेला उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे बघत राहिली.