हरणाऱ्याने पट न्यायचा

वास्फी उस्ताद अकरा वर्षं दर बुधवारी हरत होता, आणि इझमीरच्या साऱ्या बोस्तानली मोहल्ल्यात त्याच्याइतका सुखी माणूस दुसरा नव्हता.

धंद्याने तो शिंपी. बाजारामागच्या गल्लीत खाली दुकान, वर घर, मध्ये चौदा पायऱ्यांचा अरुंद जिना. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन अंकाराला. इझमीरमध्ये नोकरीसाठी आलेल्या परदेशी मंडळींवर त्याचं दुकान निम्मंअधिक चालायचं. ही मंडळी बुधवारच्या बाजारात कपड्यांच्या ढिगात कमरेपर्यंत बुडी मारायची, हाताला लागेल ते उचलायची आणि घरी जाऊन बघावं तर ते कुणालाच बसायचं नाही. डेन्मार्कच्या माणसाने आमच्याकडची विजार घातली तर ती पोटरीवरच थांबते. मग वास्फीकडे टीप उसवायचं आणि कापड जोडायचं काम निघे.

या मंडळींना बाजारात नेणारी नेबाहत. पूर्वी ती कार्शियाकाच्या धक्क्यावर बोटीची तिकिटं द्यायची. नवरा आधीच गेलेला, त्यात नोकरी संपली, आणि घरात बसून तिचा जीव रमेना. शेजारी राहणाऱ्या, मूळच्या पोलंडच्या बोझेनाला तिने एकदा भाजी आणायला सोबत नेलं. बोझेनाने मैत्रिणीला आणलं, मैत्रिणीने नवऱ्याला, आणि बघता बघता वीस-बावीस परदेशी रिकाम्या पिशव्या घेऊन दर बुधवारी तिच्या मागे चालू लागले. सगळे तिला ताई म्हणत. सकाळी बाजार, दुपारी समुद्राकाठच्या चहाच्या बागेत फासे-सोंगट्यांच्या पटाचा, म्हणजे बॅकगॅमनचा डाव, संध्याकाळी राकीची बाटली आणि गाणीबजावणी, असा तिचा नेम. भाव पाडताना तोंड कसं पाडायचं, कलिंगड कसं वाजवून बघायचं, आणि दुकानदाराने आपणहून चहा मागवला की आता आपली धडगत नाही हे कसं ओळखायचं, ते सगळं ती शिकवायची. न शिकणाऱ्याला भर बाजारात झापायचीसुद्धा.

दुपारचा डाव मात्र ती वास्फीशीच खेळायची. पटात हरलेल्याने मिटलेला पट काखेत मारून सगळ्यांच्या देखत चालायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. नेबाहतने तिला आपलं शेपूट जोडलं होतं. हरणाऱ्याने पट घरी न्यायचा, पुसूनबिसून ठेवायचा, आणि पुढच्या बुधवारी सकाळी जिंकणाऱ्याच्या दारी आणून द्यायचा.

वास्फीचं सगळं सुख या शेपटात होतं. एकट्या बाईचं दार उगाच वाजवण्याची आमच्या गल्लीत सोय नाही. तिच्या इमारतीच्या खाली रखवालदाराची बायको वाटाणे सोलत बसायची आणि तिच्या नजरेतून मांजरही सुटत नसे. पण काखेत पट असला की ती नुसती हसायची आणि म्हणायची, "परत हरलात वाटतं, उस्ताद?" वास्फी मान खाली घालून वर जायचा. वर दार उघडायचं, कमी साखरेची एक कॉफी मिळायची, अर्धा तास तो खिडकीपाशी बसायचा. त्या अर्ध्या तासावर त्याचा आठवडा निघायचा. वास्फीचं नेबाहतवर प्रेम होतं, आणि ते तिला सोडून सगळ्या बोस्तानलीला ठाऊक होतं.

ठाऊक नव्हतं ते परदेशी मंडळींना. त्यांना बिचाऱ्या उस्तादची दया यायची. पवनचक्क्यांच्या कारखान्यातला टोर्बेन नावाचा एक डेन्मार्कचा इंजिनिअर होता, उंच आणि मनाचा फार चांगला. तो एका सोमवारी विजार लांब करून घ्यायला आला आणि जाताना म्हणाला की उस्ताद, मी तुम्हाला जिंकायला शिकवतो. त्याने घरी बसून कोष्टकं केली होती. कोणतं दान पडलं की कोणती सोंगटी हलवायची, सगळं तीन रंगांत.

पाहुण्याने पुढे केलेली गोष्ट परत करायची नाही, हे वास्फीला आईने लहानपणीच चिमटा काढून शिकवलं होतं. त्याने मुकाट्याने चहा मागवला. पठ्ठ्या चहा पिऊन जाईल असं त्याला वाटलं. टोर्बेनने दोन प्याले रिचवले आणि पट मांडला. मग साऱ्या हिवाळ्यात एक सोमवार चुकला नाही. वास्फीने विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण हाताला सवय लागली ती लागलीच. मार्चच्या एका बुधवारी त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला पट खेळता येऊ लागला आहे.

त्या दुपारी चहाची बाग खचाखच भरलेली. टोर्बेनने कारखान्यातलं अर्धं खातं आणलं होतं. पाच डाव आधी घेईल तो जिंकला, आणि दोघांचे चार-चार झाले, म्हणजे आता शेवटचा डाव जिंकेल तो जिंकला. वास्फीने मध्येच एक सोंगटी मुद्दाम उघड्यावर टाकली. नेबाहतने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि सोंगटी उचलून परत त्याच्या हातात दिली.

"ही तिथे जात नाही, उस्ताद," ती म्हणाली. "मला भीक घालू नका. मी काय धक्क्यावर भीक मागून पोट भरलंय?"

वास्फीचे कान लाल झाले. मग सरळ खेळण्यावाचून गत्यंतरच उरलं नाही.

शेवटी नेबाहतची एक सोंगटी पटावरून काढायची उरली, वास्फीच्या चार. दान वास्फीचं. दोन्ही फाशांवर सारखं मोठं दान पडलं की चार सोंगट्या काढता येतात; ते पडलं तरच तो सुटणार, नाहीतर पुढच्या खेपेला ती संपवणार. वास्फीने हायसं वाटून मनात परमेश्वराचे आभार मानले आणि सावधगिरी म्हणून फासे असे जोरात फेकले की एक उडून थेट टेबलाखाली गेला. फासा पटाबाहेर गेला की दोन्ही पुन्हा टाकायचे. बोझेना गुडघ्यांवर रांगत खाली शिरली, तिच्या धक्क्याने दोन प्याले कलंडले, एक मांजर पळालं, आणि ती केसांत सूर्यफुलाच्या बियांची टरफलं घेऊन फासा उंच धरून वर आली. वास्फीने या खेपेस डोळे मिटून फासे नुसते हातातून सोडले.

दोन्हींवर सहा.

मग जे झालं त्याला काही धरबंध नव्हता. बावीस परदेशी आणि कारखान्याचं खातं एकदम उठलं. टोर्बेनने वास्फीला खुर्चीसकट उचललं. चहावाल्याने ट्रेवर ताल धरला, क्लॅरिनेटवाला संध्याकाळचा होता तो दुपारीच आला, आणि लांबच लांब नाचाची साखळी बागेतून निघून धक्क्यापर्यंत गेली. बोटीतून उतरणारे लोकही, काय झालं हे न विचारता, तिच्यात शिरले. वास्फी सगळ्यांच्या डोक्यांवर हिंदकळत होता. तिथून त्याला दिसलं, नेबाहतने पट मिटला, काखेत मारला, आणि ताठ मानेने एकटीच घराकडे चालू लागली. त्याला रडू कोसळलं. मंडळींना वाटलं, आनंदाने.

तो आठवडा त्याने कसा काढला ते त्यालाच ठाऊक. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला त्याने दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. बुधवार उजाडला. सवयीने त्याने दाढी केली, स्वच्छ सदरा घातला, आणि मग रिकाम्या काखेने खुर्चीवर बसून राहिला. पट नाही तर दार कसं वाजवायचं? बाजारातही त्याला जाववेना.

नऊ वाजता जिन्यावर पावलं वाजली. मध्येच थांबली, धाप टाकल्याचा आवाज आला, पुन्हा वाजली. वास्फीने दार उघडलं. दारात नेबाहत उभी, काखेत पट, लिपस्टिक लावलेली.

"असे बघताय काय? हरणाऱ्याने पट आणून द्यायचा असतो," ती म्हणाली. "नियम माझाच आहे." ती आत आली, पट टेबलावर ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन बसली, जशी तिच्या घरी तो बसत असे. मग चहूकडे नजर फिरवून म्हणाली, "तुमचं घर बघायला मला अकरा वर्षं लागली, उस्ताद. इतकं वाईट कुणी खेळतं का?"

 वास्फी कॉफी करायला गेला आणि पहिली उतू घालवली. दुसरी ठेवली तेव्हा तिच्या पिशवीतला फोन वाजू लागला. बाजाराच्या तोंडाशी बावीस जण पिशव्या घेऊन ताटकळत होते.

नेबाहतने फोन काढला, टोर्बेनचं नाव बघितलं, आणि तो टेबलावर उपडा ठेवला.

"बघू देत वाट," ती म्हणाली. "मी अकरा वर्षं बघितली. त्यांना एक तास जमेल."