पाळण्याची जाड रेघ

सुमनताई पाळणा म्हणत होत्या आणि आवाज असा लागला होता, की पाळण्यातलं मूल दचकून उठलं असतं. मी हात वर करून रेकॉर्डिंग थांबवलं.

"काय झालं सर?" त्यांनी हेडफोन कानावरून सरकवला. "चुकलं का?"

"चुकलं नाही. पण ताई, हा पाळणा आहे. मोर्चा नाही."

नव्वदच्या दशकाचा शेवट. नगरला, सावेडीतल्या माझ्या घराच्या मागच्या खोलीत मी स्टुडिओ थाटला होता. भिंतींना गोधड्या, खिडकीला गादी, पंखा बंद. कॉम्प्युटरचा डबा घरघरतो म्हणून तो बाहेर बोळात. टेबलावर मात्र दोन मॉनिटर, जुन्या टीव्हीसारखे ढेरपोटे. दुसरा नुकताच घेतला होता आणि येईल त्याला दाखवत सुटलो होतो. बायको म्हणायची, "एकाने डोळे जात नव्हते, म्हणून दुसरा आणलाय."

दोन कशाला, ते सांगतो. ढोलकी, पेटी, गळा, प्रत्येकाच्या आवाजाची कॉम्प्युटरवर वेगळी पट्टी असते. तिला आम्ही ट्रॅक म्हणतो. मग ते सगळे आवाज कमी-जास्त करून एकजीव करायचे, ते मिक्सिंग. एकाच स्क्रीनवर ट्रॅक बघावेत तर मिक्सर झाकला जातो, मिक्सर उघडावा तर ट्रॅक गायब. दोन स्क्रीन असल्या की एकीवर हे, दुसरीवर ते, जिवाला आराम. ट्रॅकची स्क्रीन मी गाणाऱ्याकडे वळवून ठेवायचो. गाताना आपल्याच आवाजाची रेघ उमटत जाते, ती बघायला लोकांना मजा वाटायची. तीच मजा आता अंगाशी आली होती.

सुमनताई कोल्हारच्या. अंगणवाडीत कामाला, आणि भीमगीतं गाण्यात पंचक्रोशीत नाव. पुण्याच्या एका कॅसेट कंपनीचे साहेब त्यांना जयंतीच्या कार्यक्रमात हा भीमाचा पाळणा म्हणताना ऐकून गेले होते. जाताना स्पष्ट बोलले होते, "जोशाची गाणी सगळेच गातात. हा पाळणा असाच रेकॉर्ड होऊन आला तर तुमची कॅसेट काढू. नाही आला तर राहू द्या." रेकॉर्डिंगच्या दुसऱ्याच दिवशी ते ऐकायला यायचे होते. ताईंची ही पहिलीच कॅसेट, आणि सगळी त्या एका पाळण्यावर अडलेली.

ढोलकी आणि पेटी सकाळीच रेकॉर्ड झाली होती. ढोलकी वाजवली ती ताईंच्या यजमानांनी, रघुनाथरावांनी. आपलं काम झालं तरी ते स्क्रीनसमोरून हलेनात, रेघेकडे बघून ताईंना हातानं आवाज वर न्यायला खुणावत होते. मी टोकल्यावर ताई हळू गायल्या, तर यांचं लगेच सुरू.

"सुमन, तुझी रेघ लई बारीक दिसतीय," ते म्हणाले. "माझी ढोलकी बघ कशी भरलीय. तुझी आपली मुंग्यांची रांग."

"म्हंजे ऐकू यायचं न्हाई का?" ताई घाबरल्या.

"रेघच न्हाई, तर ऐकू काय येणार?"

मी समजावलं. रेघ जाड म्हणजे आवाज मोठा, एवढंच. गाणं चांगलं की वाईट ते रेघेत दिसत नाही. बारीक आवाज मिक्सिंगमध्ये मी वर आणतो. दोघांनी माना डोलावल्या. आणि पुढच्या टेकला ताईंची नजर पुन्हा रेघेवर, रघुनाथरावांचा हात पुन्हा 'वर, अजून वर'. रेघ फुगली आणि पाळण्याचा जीव गेला.

मी सरळ ती स्क्रीन बंद केली.

"बंद का केली?" रघुनाथराव उठून उभे राहिले. "आता भरतंय का न्हाई, ते कळायचं कसं?"

"मी बघतोय ना इकडे."

"तसं न्हाई सर. मागं एका ठिकाणी आमी दिवसभर गायलो. निघताना तिथला रेकॉर्डिंगवाला म्हणला, कायच आलं न्हाई, मशीन चालूच नव्हतं. तवापासून डोळ्यानं बघितल्याबिगर हिचा गळा लागत न्हाई."

खरंच होतं ते. बंद स्क्रीनसमोर ताई गायल्या तर आवाज कापत होता. रेघ दिसली की ओरडणार, नाही दिसली की थरथरणार. घ्या आता! मी पार वैतागलो. गोधड्यांच्या खोलीत घाम निथळत होता. उद्या साहेबांना काय ऐकवू, माझं कपाळ?

"चहा घेऊ," मी म्हणालो.

चहा पिता पिता माझं लक्ष झूमच्या बटणाकडे गेलं. बारीकसारीक खरखर शोधायला मी ते रोज वापरायचो. ते फक्त चित्र मोठं करतं, आवाजाला हातही लावत नाही. भिंग धरून पेपर वाचला म्हणून बातमी मोठी होत नाही, तसं. मी ताईंची पट्टी भरपूर झूम केली आणि स्क्रीन चालू केली.

"ताई, आता नीट लावलंय. अगदी हळू म्हणून बघा."

त्यांनी पहिली ओळ जेमतेम गुणगुणली. स्क्रीनवर जाडजूड रेघ उमटली. रघुनाथरावांनी हात मांडीवर ठेवले. ताईंनी एकदा रेघेकडे बघितलं, मग डोळे मिटले आणि गायल्या. अंगणवाडीतली पोरं अशीच झोपवत असतील त्या. मी आवाजाचं मीटर बघायचं विसरून नुसता ऐकत बसलो.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. खुर्चीत टेकले, चष्मा लावला आणि मी प्ले दाबायच्या आधीच स्क्रीनकडे बोट केलं. "व्होकल फार हेवी दिसतंय हो. ओरडल्यात का बाई?"

ताईंचा चेहरा उतरला. मी झूम कमी करायला विसरलो होतो. आता यांनाही समजावत बसू? मी दोन्ही स्क्रीन बंद केल्या.

"अहो, मी बघत होतो."

"साहेब, आता ऐका."

पाळणा संपला तसा साहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "ए साइडला हाच पहिला टाकू."

ताई पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या, आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. रघुनाथराव माझ्या कानाशी वाकले.

"म्हणलं न्हवतं सर? रेघ जाड झाली, तवाच मी वळखलं हुतं."

मी 'हो' म्हणालो. ज्याचं गाणं पास झालंय, त्याला झूम समजावत बसू नये, एवढं या धंद्यात मी त्या दिवशी शिकलो.