सुधाकर नको म्हणाला होता

चुका होतील, त्या पोटात घाला. चौथीनंतर मी पेन फक्त सही करायला हातात घेतला, त्यामुळे अक्षरही कोंबडीनं उकरल्यासारखं आहे. चारचौघांत मला बोलता येत नाही. सुधाकरच्या शोकसभेत दोनदा माझ्यापुढे माईक धरला आणि दोन्ही वेळा मी पदर तोंडाला लावून मान हलवली. त्या दिवशी जे बोलायला पाहिजे होतं ते आतल्या आत जळत राहिलं आहे, म्हणून ही वही.

सुधाकर माझा धाकटा भाऊ. तीन महिन्यांपूर्वी एका सकाळी त्याच्या शेजाऱ्याचा फोन आला, "ताई, सुधाकरभाऊ उठूनच नाई राह्यले." मी वडनेरहून जामला त्याच्या घरी पोचेपर्यंत अंगणात खुर्च्या लागल्या होत्या. शोकसभेत एक पुढारी म्हणाले, आमचे सुधाकरभाऊ दक्षिण ध्रुवावर झेंडा लावून आले. खोटं. तो ध्रुवावर गेलाच नव्हता, झेंडाही त्यानं लावला नाही. तो अंटार्क्टिकातल्या एका डोंगररांगेत गेला होता, गाडीचा मिस्त्री आणि चालक म्हणून. आणि माझ्या मागे बसलेला एक जण बाजूच्या माणसाच्या कानात म्हणाला, "काय्चा झेंडा! सरकारचा माल बुडवून आला तिथं. पाच वर्सं पगारातून कापत होते त्याच्या." हे मला तिथं, त्याच्या फोटोसमोर बसून पहिल्यांदा कळलं.

जामच्या हायवेवर ट्रकच्या गॅरेजात तो डिझेल इंजिन शिकला, मग सरकारी खात्यात गाड्या दुरुस्तीला लागला, आणि एका वर्षी मोहिमेच्या यादीत त्याचं नाव आलं. परत आला तेव्हा मी त्याला विचारलं, कसे आहेत रे तिथले डोंगर? त्यानं माझ्यापुढची पिठाची परात ओढली, पीठ थापून सपाट केलं आणि लसणाच्या पाकळ्या ओळीनं खोचल्या, फक्त टोकं वर राहतील अशा. "हे दिसते ते शेंडे. बाकी डोंगर सारा बर्फाखाली गाडला आहे. अन हे पीठ एका जागी नाई बसत ताई, हळूहळू सरकून राह्यलं समुद्राकडे. डोंगराले अडलं का तिथं फाटते." वारा इतका की शेंड्यांच्या पायथ्याला बर्फ टिकत नाही, निळं काचेसारखं उघडं पडतं, आणि शास्त्रज्ञ तिथून दगड फोडून आणतात. उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, म्हणून दिवस संपला हे पोट सांगतं... असं बोलत बसला की माझा स्वयंपाक राहून जायचा.

"मंग त्या भेगांतून तू चालतं कसा?" मी विचारलं होतं.

"बाबा चालत होते तसा."

आमच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हातहात भेगा पडतात. वर पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या झाडांचा, कचरा बसला की दिसत नाहीत. अशाच भेगेत आमच्या बैलाचा पाय मोडला होता. तेव्हापासून बाबा बैलांच्या पुढे चालायचे, हाकायची काठी, आमच्याकडची तुतारी, जमिनीवर आपटत. पोकळ वाजलं की वळायचे. तिथं कचऱ्याच्या जागी कोवळा बर्फ, तुतारीच्या जागी बांबू. सुधाकर चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणाऱ्या गाडीतून उतरायचा आणि पुढे ठोकत चालायचा. त्यानं काढलेल्या वाटेवरून साहेब लोक डोंगरापर्यंत गेले.

एवढंच त्यानं मला सांगितलं. बाकीचं कळलं ते शोकसभेनंतर आठव्या दिवशी, त्या मोहिमेतले एक निवृत्त साहेब भेटायला आले तेव्हा. परतीच्या वाटेवर वारा वाढत होता. मोहिमेचे मोठे साहेब म्हणाले, वळसा नको, सरळ घ्या. सुधाकर बांबू ठोकून आला आणि म्हणाला, साहेब नको, पोकळ आहे. पुन्हा म्हणाला, नको. मोठे साहेब ओरडले, "गाडी तू चालव, रस्ता मी ठरवतो." गाडी कशीबशी पार झाली, मागं जोडलेली बिनचाकाची घसरगाडी मात्र तंबू, डिझेल आणि सगळ्या दगडांसकट खाली गेली. चौकशीत लिहिलं गेलं, चालकाची हलगर्जी.

"मी गाडीत त्याच्या मागंच बसलो होतो, ताई. त्यानं दोनदा नको म्हटलेलं मी ऐकलं."

"मंग तवा काऊन नाई बोलले?"

त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. माझ्या दारात आलेल्या माणसाला पाणीही दिलं नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. म्हटलं, रडू नका, लिहून द्या.

राग त्यांचा आला, मोठ्या साहेबांचा आला, पण सर्वांत जास्त सुधाकरचा आला. पगार कापला जात होता त्या वर्षांत त्यानं मोटारसायकल विकून सायकल घेतली तेव्हा मी सगळ्यांसमोर टोमणा मारला होता, "सरकारी नोकरीवाला अन सायकल! चिकट कुठला." तो हसला, "पोट कमी कराचं आहे ताई." अरे, एक शब्द तरी सांगायचा होता... मी ते हसणं खरं धरलं.

निवृत्त साहेबांनी लिहून दिलं, आणि तो कागद मी सुधाकरच्या ऑफिसात नेऊन दिला. सुधाकरची बायको आधीच गेली, मूलबाळ नाही, कागदोपत्री वारस मी. महिन्याभरानं त्याच्या ऑफिसातून बोलावणं आलं. बाबूनं सही करायला कागद पुढे केला. मी बोट ठेवून सावकाश वाचला. लिहिलं होतं, मृताच्या कुटुंबास सहानुभूतीपूर्वक मदत.

"मदत नाई पायजे," मी म्हटलं.

"बाई, रक्कम कापली तेवढीच आहे. शब्दानं काय फरक पडते?"

"शब्दानंच कापली होती ना? हलगर्जी, ह्या एका शब्दानं."

बाबूनं हसून आजूबाजूला पाहिलं. मी उठले नाही. जेवणाची सुट्टी झाली, पंखे बंद झाले, सुरू झाले. चार वाजता आतले अधिकारी स्वतः बाहेर आले, निवृत्त साहेबांचा कागद माझ्यासमोर वाचला आणि नवा टाइप करायला सांगितला. चालकाने धोक्याची सूचना दिली होती. त्याचा दोष नव्हता. चुकीने वसूल केलेली रक्कम परत. मी तो दोनदा वाचला, मग सही केली.

काल पासबुक भरून आणलं. कापलेले सगळे पैसे जमा झाले आहेत, एक रुपयाही कमी नाही.