पडद्याच्या मागून पाहिलेले सिनेमे

आबांचा डबा भरलेला परत आला, की आम्हाला कळायचं, आज मिलनं त्यांना आत घेतलेलं नाही. बदली कामगार म्हणजे काय, ते मला त्या डब्यानं शिकवलं. पहाटेच्या भोंग्याआधी ते गेटाबाहेर जाऊन उभे राहायचे. कायम कामावरचा कुणी आजारी पडला, कुणाच्या घरी मयत झाली, तरच त्याच्या जागी आत जायला मिळायचं. म्हणजे दुसऱ्याचं वाईट झालं तर आमचं बरं. नाही मिळालं, की ते ऊन चढायच्या आत परत यायचे, डबा आईपुढं ठेवायचे आणि भिंतीकडं तोंड करून पडायचे. दुपारी तीच भाकरी आम्ही तिघं खायचो. 

बहात्तरच्या दुष्काळात सांगोल्याकडची मेंढरं मातीमोल विकून आम्ही सोलापूरला आलो होतो. शहरात काम मिळतं असं ऐकलं होतं. मिळालं ते मिलच्या भिंतीलगतच्या वस्तीतलं पत्र्याचं खोपट, आणि आईला टॉवेलच्या दशांना गाठी मारायचं घरकाम. हे असंच चालणार, असं मला तेव्हा वाटायचं. ते वाटणं काही खोटं नव्हतं. वस्तीतल्या बहुतेकांचं पुढं तसंच चाललं.

त्या शहरानं आम्हाला फुकट दिलेली एकच गोष्ट, सिनेमा. गणपतीत शेजारच्या पक्क्या घरांच्या गल्लीत मंडळाची पोरं रस्त्यावर आडवं पांढरं कापड बांधायची. एका बाजूला सिनेमाचं मशीन आणि सतरंज्या टाकून बसलेली गल्लीतली माणसं. दुसऱ्या बाजूला, मातीत, आम्ही वस्तीवाले. कापड पातळ, त्यामुळं चित्र मागूनही दिसायचं, पण आरशातल्यासारखं उलटं.

पहिल्या वर्षी आम्हाला हे ठाऊक नव्हतं. आई मला घेऊन सरळ समोर जाऊन बसली. मंडळाचा एक पोरगा आला.

"ओ बाई, उठा. हिकडं गल्लीची माणसं."

"मग आमी कुटं बसायचं?"

"मागं. तितंबी त्येच दिसतंय की."

आई उठली. मागं जाऊन बसल्यावर बराच वेळ तिनं पडद्याकडं मान वर केली नाही. मग मला म्हणाली, "तू शीक. लई शीक. आन एकदा मला समोर बशीव. उठ म्हणाया कुणी आलं न्हाय पायजे."

आबांना मी ते सांगितलं. ते म्हणाले, "सकाळी गेटाच्या भाईर, सांजच्याला पडद्याच्या मागं. आपला दिवस समदा मागंच गेला की." ते सिनेमाला कधीच आले नाहीत.

मागच्या बाजूला बायकांचं राज्य होतं. आमच्या शेजारची तेलुगू बाई, तिचा नवरा हातमागावर बसायचा, ती आईला अक्का म्हणायची आणि सिनेमाभर तोंड बंद ठेवायची नाही.

"अक्का, बघ बघ, ह्यो हीरोपण डावखुरा!"

"समदीच डावखुरी हायती. डाव्या हातानं जेवतंय मेलं."

"आमच्या घरी असा जेवला तर सासू हात मोडती."

"सिनेमात त्यास्नी सासूच नसंल."

सगळ्या हसायच्या. मी एकदा सांगून बघितलं, की ती माणसं उजव्याच हातानं जेवतात, आपल्याला मागून उलटं दिसतं. शेजारीण म्हणाली, "गप गं शाळेवाली. डोळ्याला दिसतं ते खोटं का?" आईनंही तिचीच री ओढली. सिनेमातली माणसं डाव्या हाताची, हे वस्तीत ठरून गेलेलं होतं.

पण सुरुवातीची नावं आली, की ह्याच बायका माझ्याकडं वळायच्या. "वाच की गं." अक्षरं उलटी पडलेली असायची. मी ती तशीच वाचायला शिकले होते, भराभर. शाळेत सुलटं, गल्लीत उलटं. मी मोठ्यानं वाचताना आई आजूबाजूला बघायची, आणि तिची मान ताठ व्हायची. शहरात तिची मान ताठ झालेली मी फक्त तेवढ्याच वेळी बघितली.

मॅट्रिक झाले, कॉलेजात गेले. आमच्या घराण्यात कॉलेजाचं फाटक कुणी पाहिलेलं नव्हतं. कॉलेजनं माझ्यासाठी फार काही केलं नाही, मीच त्याला धरून राहिले. दुसऱ्या वर्षी वक्तृत्वात माझा पहिला नंबर आला. बक्षीस स्नेहसंमेलनात मिळणार होतं. गाणी, नाटक, सगळं फुकट, घरच्यांनी यावं. मी आईला बजावलं, "तू यायचं. तिथं उठ म्हणणारं कुणी नाही. समोर बसायचं."

ती आली. शेजारणीला बरोबर घेऊन, धुतलेलं लुगडं नेसून, दुपारचं काम टाकून आली. नाव पुकारल्यावर मी स्टेजवर गेले आणि खुर्च्यांच्या रांगांतून तिला शोधू लागले. पुढं नव्हती, मधे नव्हती, पार शेवटीही नव्हती. पाहुण्यांनी हातात दिलेलं पुस्तक मी घेतलं की नाही, हेसुद्धा मला आठवत नाही.

घरी आले तर ती गाठी मारत बसली होती.

"आयं, आली का नाहीस?"

"आलो व्हतो की. दोगी बी आलो व्हतो. मागं बसलो व्हतो."

"मागं कुठं? मी सगळं बघितलं."

"कापडाच्या मागं. काय दिसलं न्हाय बाई. तुमचं कापड लई जाड."

त्या दोघी मांडवात आल्या, कापड दिसलं, आणि सवयीनं वळसा घालून स्टेजच्या मागं गेल्या. रंगवलेल्या पडद्याच्या पाठीला, बांबूंच्या मधे, मातीत बसून चित्र दिसायची वाट बघत राहिल्या. शिपायानं बघितलं. "ओ मावशी, हितं कशाला बसलाय? चला भाईर." आणि फाटकाबाहेर काढलं. माझं नाव पुकारलं तेव्हा त्या रस्त्यावर होत्या. तिला ते ऐकू आलं होतं.

"ऐकलं की मी," ती म्हणाली. "शेजारणीला म्हनलं, माजी हाय ती."

मी कितीही शिकले तरी हिला पडद्याच्या मागंच जागा, असं त्या संध्याकाळी माझ्या मनानं घेतलं. ते पुढं जाता गेलं नाही.

शेवटच्या वर्षी आबा गेले. गेटाबाहेर उभे असतानाच छातीत कळ आली. त्या दिवशीही डबा भरलेलाच परत आला. फक्त तो आणून देणारा दुसरा होता. त्यानंतर गणपतीत आई गल्लीत गेली नाही. पुढं रस्त्यासाठी वस्तीच उठवली. शेजारीण नवऱ्याबरोबर लांब दुसरीकडं गेली, आणि मागच्या बाजूला बसणाऱ्या त्या बायका पुन्हा एकत्र आल्या नाहीत.

निकाल लागला. एका शाळेत मला तात्पुरती नोकरी मिळाली. पहिला पगार झाला, त्या रविवारी मी आईला दुपारच्या खेळाला टॉकीजमध्ये नेलं. ती खुर्चीच्या कडेवर टेकून बसली होती, पाय उचलायच्या बेतात. जागा दाखवणारा बॅटरीवाला जवळून गेला तर अर्धी उठलीच. मी तिचा हात धरून खाली बसवलं. नावं आली. सुलटी. तिनं मला वाचायला सांगितलं नाही.

मग हीरो जेवायला बसला. आईनं माझं मनगट घट्ट धरलं.

"उजव्या हातानं जेवतंय गं."

"हो."

तिनं सवयीनं दुसऱ्या बाजूला, शेजारीण बसायची तिकडं, मान वळवली. मग म्हणाली, "आता सांगू कुणाला?"

बाकीचा सिनेमा तिनं पाहिला की नाही, मला माहीत नाही. मी पाहिला नाही.

मी बी. ए. झाले, सेकंड क्लासमध्ये, आमच्या घराण्यात पहिली. आणि माझी आई एकदा, सिनेमा संपेपर्यंत, पडद्याच्या समोर बसली. तिला कुणी उठ म्हणालं नाही.