तिसरी पायरी

आमच्या समाजात माणसाला पुरतात आणि वर साधा दगड ठेवतात. नाव कोरायची रीत नव्हती. घरच्यांना आपला दगड ठाऊक असे. परवा पाहतो तर दफनभूमीला संगमरवरी कमान, तिच्यावर देणगीदारांची सोनेरी नावं. मेलेल्यांच्या आठवणीसाठी जिवंतांची इतकी नावं लागतात.

शेजारच्या गंगूमावशींना नवऱ्याचा दगड कोपऱ्याच्या टवक्यावरून सापडला, कमानीच्या तिसऱ्या पायरीत.

“नाव नव्हतं मावशी, बेवारस धरला,” दफनभूमी समितीचे अध्यक्ष म्हणाले.

“मी आहे की अजून,” म्हणत मावशी पायरीलाच भस्म लावायला बसल्या.

तेवढ्यात उद्घाटनाचे पाहुणे आले. कार्यकर्त्यांनी मावशींना उठवलं आणि पायरी लगबगीने पुसून घेतली. पाहुण्यांच्या बुटांना भस्म लागलं असतं.